निशाणघराचा दगड

जहाज धक्क्याला लागलं की आमच्या हातात दोन तास असतात. दोन तासांत सात ठिकाणं उरकायची: किल्ला, तोफांची ओळ, घड्याळाचा मनोरा, खलाशांच्या कबरी, जुना मासळी बाजार, जकात दरवाजा आणि शेवटी दीपस्तंभ, तोही लांबूनच. पाहुण्यांत निम्म्यांचे गुडघे गेलेले असतात, आणि उरलेल्यांचं ऐतिहासिक कुतूहल स्वच्छतागृह कुठे आहे इथवरच असतं. बावीस वर्षं मी हेच करतेय. मी तोंडाची फटकळ आहे, पण पाहुण्यांसमोर अगदी गरीब गाय होते. बिल्ला लावला की माणसाला तसं व्हावंच लागतं.

हा दोन तासांचा फेरा माझ्या बाबांनी बसवला. त्यांच्याआधीचे गाईड पाहुण्यांना कुठेही हिंडवायचे आणि निम्म्या वेळा जहाज चुकवायचे. बाबांनी घड्याळ लावून रस्ता आखला, कुठे किती मिनिटं थांबायचं, कुठे कोणती गोष्ट सांगायची, कुठे लोक हसतात, सगळं ठरवून टाकलं. आजही शहरातले सगळे गाईड बाबांच्याच वाक्यांवर पोट भरतात. कर्णा न वापरता शंभर माणसांना ऐकू जाईल असा आवाज, म्हणून सगळे त्यांना भोंगा म्हणायचे. गाईडांच्या ऑफिसात त्यांचा फोटो लावलेला होता. ते आता एक्क्याऐंशीचे आहेत आणि माझ्याकडेच राहतात.

बंदरामागच्या टेकडीवर, एकशे बारा पायऱ्या चढून गेलं की निशाणघर लागायचं. दोन खोल्या, वर गच्ची, गच्चीवर लाकडी खांब. बिनतारी यंत्रं नव्हती त्या काळी तिथून रंगीत निशाणं चढवून जहाजांना सांगायचे, आत या, थांबा, पुढे खडक आहे. आमचे पणजोबा तिथले शेवटचे निशाणवाले. काम बंद पडलं, पण घर परत घ्यायचं बंदर खात्याच्या लक्षातच राहिलं नाही, आणि आमची माणसं तिथेच राहिली. शेवटी उरली माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. चौऱ्याऐंशी वर्षांची, काटक, कमी बोलणारी. लग्न केलं नाही. का, ते विचारायची माझीच काय, बाबांचीही छाती नव्हती. तिचा जन्म त्या घरातला आणि मरायचंही तिथेच, हे तिने ठरवून टाकलं होतं.

आणि त्या दारावर एक दिवस नोटीस चिकटली. पाहुण्यांच्या बससाठी धक्क्यापासून किल्ल्यापर्यंत रुंद रस्ता होणार, त्यासाठी टेकडी कापणार, सहा आठवड्यांत घर रिकामं करा. म्हणजे आम्ही ज्या पाहुण्यांची बडदास्त ठेवत जन्म घालवला, त्यांच्याच बस आमच्या घरावरून जाणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोल लावायचा?

नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. वास्तू दोनशे वर्षांहून जुनी असल्याचा पुरावा कुणी एका महिन्यात स्मारक कचेरीत दिला, तर ती संरक्षित ठरू शकेल. मी म्हटलं, हे तर सोपं आहे, घर जुनं आहे हे शेंबडं पोरही सांगेल. पण शेंबड्या पोराचं कागदावर चालत नाही. मी बंदराचं दप्तर पालथं घातलं, त्यातलं जुनं सगळं वाळवीने खाल्लं होतं. वाचनालयात नकाशा मिळाला, त्यावर टेकडी होती, घर नव्हतं. अठरा दिवस गेले. मग कचेरीने मागितली म्हणून घराची मापं घ्यायला टेप घेऊन मी वर गेले.

दाराच्या चौकटीवरची भिंत मी लहानपणापासून पाहत होते, पण डोळे असणं वेगळं आणि पाहणं वेगळं. तिथे दोन-अडीच हात लांबीचा एक पट्टा होता, त्याचा गिलावा बाकीच्या भिंतीपेक्षा वेगळा, जरा पिवळट. मी स्टुलावर चढून नखाने खरवडलं. सगळं घर काळ्या दगडाचं, आणि आत निघाल्या विटा. मी आत्याला विचारलं, इथे काय होतं गं? ती खाटेवर बसून चादरींच्या घड्या घालत होती. तिने एक घडी पुरी केली, दुसरी घेतली.

"तुझ्या बापाला विचार," ती म्हणाली.

घरी आले तेव्हा बाबा खिडकीपाशी वाटाणे सोलत बसले होते. मी विचारलं, आणि भोंगा म्हणवणाऱ्या माणसाने हातातली शेंग न सोलता परत ताटात ठेवली. त्यांच्या मांडीवरचं ताट घसरायला लागलं तेव्हा मी ते काढून घेतलं आणि समोर बसले. मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

आता हे ऐकण्याआधी जकात दरवाजाबद्दल सांगायला हवं. शहरात सगळ्यांत जास्त फोटो निघतात ते तिथे. कमानीच्या बाजूला छातीएवढ्या उंचीवर एक कोरीव दगड आहे. तीन डोलकाठ्यांचं जहाज, दोन निशाणं, साल, आणि जुन्या लिपीतली एक ओळ. ओळीचा अर्थ, इथून दिसतो तोवर कुणी हरवलेला नाही. आम्ही गाईड सांगतो की बंदराचा पहिला अधिकारी या दरवाजात उभा राहून परतणारी जहाजं मोजायचा. कुणी हुशार पाहुणा विचारतो, इथून तर समुद्र दिसतच नाही. त्यावर आमचं उत्तर तयार असतं, त्या काळी समुद्र इथपर्यंत होता.

तो दगड निशाणघराचा होता. दाराच्या चौकटीवरचा.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी बाबा, आणि गाईडांत एकटे बाबाच, पाहुण्यांना निशाणघरावर घेऊन जायचे, तो दगड दाखवायला. एकदा एक म्हातारा सत्तराव्या पायरीवर बसला तो उठेचना. चौघांनी त्याला उचलून खाली आणला, तोवर जहाज निघून गेलेलं. जहाज कंपनीने बजावलं, यापुढे टेकडी बंद. बाबांना ते सोसेना. शहरातला सगळ्यांत सुंदर दगड, सगळ्यांत सुंदर ओळ, आणि ती आता कुणी वाचणार नाही. माणसं दगडाकडे जाऊ शकत नाहीत, तर दगड माणसांकडे आणावा, असा त्यांनी विचार केला. आत्या तेव्हा खुब्याच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे दवाखान्यात होती. जकात दरवाजाची डागडुजी चालू होती, परांची बांधलेलीच होती, एक दगड जास्त बसला तर विचारतो कोण? बाबांच्या दोस्तीतल्या एका गवंड्याने दोन दुपारींत काम उरकलं. दरवाजातली जागा लहान पडली म्हणून त्याने दगडाच्या दोन्ही कडा छाटल्या. छाटलेले तुकडे समुद्रात टाकले. आता तो गवंडीही नाही.

"आणि आत्या?" मी विचारलं.

"ती परत आली, पण एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, तिच्या लक्षातच आलं नाही."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, बाबा, जी बाई त्या दाराखालून दिवसातून पन्नास वेळा ये-जा करते तिच्या लक्षात आलं नाही? घरातलं एक भांडं जागचं हललं तरी तिला कळतं. आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहायच्या लायकीचं नाही. आणि खरं सांगायचं तर निम्मा राग माझा माझ्यावरच होता. बावीस वर्षं मी त्या दगडापुढे उभी राहून ती ओळ वाचून दाखवत होते. समुद्र न दिसणाऱ्या दरवाजावर समुद्राचं वाक्य कसं, हा प्रश्न पाहुण्यांना पडायचा, मला पडला नाही. बापाने सांगितलं आणि पोरीने घोकलं.

पण रागातच मला आनंदही झाला, कारण पुरावा सापडला होता. दगडावर साल कोरलेलं होतं, दोनशे एकोणतीस वर्षांपूर्वीचं. बाबांनी कचेरीत जाऊन खरं काय ते सांगायचं, की घर वाचलं. बाबा तयार होईनात. या वयात चोर म्हणवून घेऊ का, म्हणाले. मी म्हटलं, घ्या, आत्याचं छप्पर मोठं की तुमचं नाव? ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे राहिले. आत्याला मी काहीच कळवलं नाही. काम झाल्यावर सांगू, तिला बरं वाटेल, असं माझं शहाणपण.

स्मारक कचेरीतली तपासनीस तिशीची होती. बाबांना पाहून ती उठून उभी राहिली, स्वतः खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. शाळेच्या सहलीत तिने बाबांच्या तोंडून जकात दरवाजाची गोष्ट ऐकली होती. "काका, तुमच्यामुळे मी या खात्यात आले," ती म्हणाली. बाबांचा चेहरा तेव्हाच उतरला. तरी त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, पायरीवरचा म्हातारा, गवंडी, छाटलेल्या कडा. मी त्यांना एवढ्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

ती ऐकत होती, पण तिच्या डोळ्यांत काहीतरी मिटत चाललेलं मला दिसत होतं. ऐकून झाल्यावर तिने कपाटातून खात्याचं पुस्तक काढलं, शहरातल्या स्मारकांचं. जकात दरवाजाचं पान उघडलं. त्यावर बाबांचीच वाक्यं होती, शब्द न शब्द. पहिला अधिकारी, जहाजं मोजणं, आणि समुद्र त्या काळी दरवाजापर्यंत होता. खाली बारीक अक्षरात: माहिती, ज्येष्ठ गाईड. म्हणजे बाबा. दरवाजा संरक्षित ठरला होता तो याच पानाच्या आधारावर.

ती थाप होती, बाबा म्हणाले.

"मग आज सांगताय ती कशावरून थाप नाही?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही, उलट तिला वाईट वाटत होतं. "आणि घर तुमच्या सख्ख्या बहिणीचं आहे, काका."

लांडगा आला रे आला ओरडणाऱ्याची जी गत होते ती आमची झाली. पण पोरगी प्रामाणिक होती, तिने उडवून लावलं नाही. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन जातीने आली, आधी दरवाजातला दगड मोजला, मग एकशे बारा पायऱ्या चढून विटांचा पट्टा मोजला. दगड पट्ट्यापेक्षा दोन विती आखूड. कडा छाटल्यात ना, मी म्हटलं, ते सांगितलंय की. ती म्हणाली, छाटलेले तुकडे असते तर जोडून पाहता आले असते. मी म्हटलं, मग दगड काढून मागची बाजू बघा. ती म्हणाली, संरक्षित वास्तूचा दगड हलवायला वरची परवानगी लागते, त्याला वर्ष जातं. आमच्याकडे आठ दिवस होते.

आत्या खाटेवर बसून हे सगळं पाहत होती. तपासनीस गेल्यावर तिने मला विचारलं, ही बाई दगडाच्या जागेचं माप कशाला घेत होती? तेव्हा मला सांगावं लागलं. मला वाटलं होतं, बाबांनी एवढी हिंमत केली हे ऐकून ती विरघळेल. ती खाटेवरून उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"घर तर जाणारच होतं. त्याचं नाव कशाला घालवलंस? मी चाळीस वर्षं तोंड शिवून बसले ते कशासाठी?"

मला रडू फुटलं. तिने मला जवळ घेतलं नाही, आणि घ्यावं असं मला म्हणताही आलं नाही.

अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आठवड्यात आलं. त्याच्या दोन दिवसांनी दुसरं पत्र आलं, गाईडांच्या ऑफिसात. एका ज्येष्ठ गाईडने संरक्षित वास्तूबद्दल खोटी माहिती दिल्याचं स्वतः कबूल केलं आहे, तरी त्यांचा मानाचा बिल्ला रद्द करण्यात येत आहे, आणि यापुढे सर्व गाईडांनी खात्याच्या पुस्तकात छापलं आहे तेवढंच सांगावं, वेगळं सांगणाऱ्याचाही बिल्ला जाईल. बघा न्याय. घर वाचवण्यापुरता बाबांवर विश्वास नव्हता, बिल्ला काढून घेण्यापुरता होता. आणि पुस्तकात छापलेलं होतं ते बाबांचंच खोटं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात मी ओढून नेला होता. ऑफिसातला फोटो उतरवून पोरांनी मला आणून दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी तो घरी आणला नाही, कुठे ठेवला ते सांगत नाही.

सामान हलवायच्या दिवशी बाबा हट्टाने वर आले. एकशे बारा पायऱ्यांना त्यांना पाऊण तास लागला, सत्तराव्या पायरीवर तेही बसले. सामान असं फारसं नव्हतंच. खाट, दोन ट्रंका, भांडी, आणि पणजोबांच्या वेळची निशाणं, त्यांचा रंग उडून सगळी एकाच रंगाची झालेली. हमाल खाट घेऊन गेले. आत्याने कुलूप लावलं, मग तिच्याच लक्षात आलं की आता कुलपाचा काही उपयोग नाही, आणि तिने ते परत काढलं. बाबा दाराशी उभे होते, त्या विटांच्या पट्ट्याखाली. ताई, चुकलो, एवढंच ते म्हणाले.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. "मागितला असतास तर दिला असता रे."

बाबांना ते लागलं, ते अजून उतरलेलं नाही. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर माणूस काहीतरी बोलून मोकळा होतो. त्या दिवसापासून ते घरात कुजबुजल्यासारखं बोलतात, पाणी मागितलं तरी काय म्हणालात ते मला दोनदा विचारावं लागतं. दोघं भावंडं आता माझ्याच घरी आहेत, चौथ्या मजल्यावर. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. एकमेकांशी भांडत नाहीत, औषधाची वेळ झाली की एकमेकांना सांगतात. मी दोघांच्या मधे ताटं मांडते. मला वाटायचं, काळ हेच औषध वगैरे, लोक म्हणतात तसं. या वयात तेवढा काळ आणायचा कुठून?

टेकडी कापायला पाच दिवस लागले. मी त्या पाच दिवसांत तीन जहाजं केली. धूळ बाजारापर्यंत यायची, पाहुणे नाकाला रुमाल लावून विचारायचे, काय चाललंय? मी सांगायची, तुमच्यासाठी रस्ता होतोय. ते खूश व्हायचे.

परवा मोठं जहाज आलं होतं. चाळीस माणसं माझ्यामागे. जकात दरवाजाशी पोचले, पाठ दगडाकडे करून उभी राहिले, आणि पुस्तकातलं सांगायला लागले. आवाज बाबांसारखा लागत नाही, पण वाक्यं तीच. बोलता बोलता मला गर्दीच्या कडेने येणारी आत्या दिसली. हातात पिशवी, पायात बाहेरच्या चपला. ती बसने आली असणार, एकटी. आणि मला एकदम कळलं की या रस्त्यावर मी तिला आयुष्यात कधी पाहिलेलं नाही. बाजारात जायला ती नेहमी मागच्या गल्लीतून वळसा घालून यायची. एक्केचाळीस वर्षं तिने हा दरवाजा टाळला होता.

पाहुण्यांनी म्हातारी बघून तिला वाट दिली. ती दगडापाशी गेली. कोरलेल्या जहाजाकडे, निशाणांकडे, मग छाटलेल्या कडांकडे तिने नीट पाहिलं. पिशवी खाली ठेवली आणि उजवा हात उचलला.

"आजी, हात लावू नका," रखवालदार म्हणाला. "संरक्षित वास्तू आहे."

तो वाईट माणूस नाही, बारा वर्षं मी त्याला ओळखते. त्याने माझ्याकडे पाहिलं, ही तुमच्यातली आहे का, असं विचारल्यासारखं. चाळीस माणसं माझं पुढचं वाक्य ऐकायला थांबली होती. बिल्ला माझ्या छातीवर होता, आणि घरात तीन माणसं जेवणारी आहेत. आत्यानेही माझ्याकडे पाहिलं, एकदाच, आणि लगेच नजर काढून घेतली, रस्त्यातल्या कुणा अनोळखी बाईवरून काढावी तशी. मला सोडवण्यासाठी तिने तसं केलं, हे मला तिथल्या तिथे कळलं.

बरं, नाही लावत, ती रखवालदाराला म्हणाली. तिने पिशवी उचलली आणि आल्या वाटेने निघाली.

ही माझी आत्या आहे. चार शब्दांचं काम होतं. मी पाहुण्यांना म्हटलं, चला, आता दीपस्तंभ, आणि त्यांना घेऊन उलट्या बाजूला वळले.